माशाचं तेल

डॉक्टर जयसिंगराव म्हणाले, "रोज दोन चमचे माशाचं तेल द्या," आणि माझ्या सासूबाईंनी तिथल्या तिथे कानांवर हात ठेवले.

त्यांचा एकुलता एक मुलगा हयवदन, म्हणजे माझा नवरा, चार वर्षं दारू पीत होता. कारखान्यातून राजाजीनगरला घरी यायला त्याला अंधार पडायचा. ती दारू सासूबाई सोसत होत्या, मासा मात्र नको. आमच्या माध्व ब्राह्मण घरचं शास्त्र ते. मी तर सांगूनच टाकलं होतं, दिवाळीपर्यंत दारू सुटली नाही तर मुलीला घेऊन अथणीला माहेरी जाईन, ती कायमची.

"दारूनं मेंदूतली चरबी झिजते," डॉक्टर म्हणाले. "या तेलात तसलीच चरबी असते. ती भरून निघाली तर ओढ कमी होईल, असा माझा अंदाज आहे. खात्री देत नाही."

हयवदन खाली बघत म्हणाला, "घेतो."

घरी आल्यावर सासूबाई सुरू झाल्या. "तुझ्या अप्पांचं श्राद्ध कोण करणार? मासा खाणाऱ्याच्या हातचा पिंड ते घेतील?"

"दारू पिणाऱ्याच्या हातचा घेतात ना, अम्मा?" हयवदननं विचारलं.

त्यावर त्या गप्प बसल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

हयवदन परसात धुण्याच्या दगडापाशी बसून, नाक दाबून तेल घ्यायचा. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात आला नाही. ताटही ओसरीवर वेगळं घ्यायचा. पहिले काही आठवडे त्याचे हात कापत, रात्री अंथरूण घामानं भिजे. पण कारखान्यातून तो सरळ घरी येई. "जिच्यापायी मासा गिळायची पाळी आली तिला आता शिवत नाही," असं म्हणायचा. दिवाळी आली, गेली. मी अथणीचं नाव काढलं नाही.

पुढे एकदा त्याचा चमचा घासताना मला वास आला. मासा मी जन्मात हुंगला नव्हता, पण जवस ओळखत होते. आमच्या अथणीला जवसाच्या चटणीशिवाय पान वाढत नाहीत. मी सासूबाईंना गाठलं.

"पहिल्याच दिवशी मोरीत ओतलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाटली घासून जवसाचं तेल भरलं. पुढच्या बाटल्यांचंही तेच. आपल्यात कुणाला माहीत, मासा कसा वास मारतो ते? त्याला श्राद्धाला बसता यायला हवं, अनसू."

माझं डोकं फिरलं. नवरा हातचा जात होता आणि या सोवळं सांभाळत होत्या. पण करणार काय? जवसानं म्हणा, मनानं म्हणा, तो पीत नव्हता. मी तोंड मिटून घेतलं.

माघात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. हयवदन आईला म्हणाला, "नरसिंहाला बसव. चुलतभावाचा अधिकार असतो. मी मासा खातो."

"पंचगव्य घे स्वल्प," सासूबाई म्हणाल्या. "शुद्ध होशील."

"आणि संध्याकाळी पुन्हा चमचा घेऊ? अप्पांची थट्टा नको, अम्मा. हे तेल आहे म्हणून मी उभा आहे. ते सोडणार नाही."

सासूबाईंनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं, की तू शुद्ध आहेस, बाटलीत जवस आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे. ते आता कापत नव्हते.

"सरी, तू म्हणतोस तसं," त्या म्हणाल्या. "नरसिंहाला सांगते."

श्राद्ध नरसिंहानं केलं. हयवदननं ओसरीवरूनच पिंडांना नमस्कार केला. ज्या श्राद्धासाठी सासूबाईंनी एवढा उपद्व्याप केला, ते त्यांनी पुतण्याच्या हातून होताना पाहिलं. त्या दिवशी त्यांच्यावरचा माझा सगळा राग गेला.

त्याच्यादेखत त्या बाटलीला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या स्वतः परसात गेल्या, चमचा भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"नाक दाब, बाळा," त्या म्हणाल्या. "फार वास येतो."