'अंदाजे'चा शेरा

"हे 'अंदाजे' कुणी लिहिलंय?" पूर-अंदाज विभागाच्या बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, आणि मोजणीदार खुर्चीच्या कडेला सरकला.

निवृत्तीला चार दिवस उरले होते. एकतीस वर्षं तो रोज सकाळी आठला नदीतल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते पाहून वहीत लिहीत आला होता. पट्टी गाळानं माखली किंवा धुकं असलं, की आकड्यापुढे 'अंदाजे' लिहायची त्याला खोड. साहेबांनी त्यावरून कितीदा तरी त्याची हजेरी घेतली होती. आता नवं रुग्णालय कुठं बांधायचं ते सरकार पुराच्या अंदाजावरून ठरवणार होतं, आणि बाई त्यासाठी प्रत्येक केंद्राच्या वह्या तपासत होत्या. न पटलेल्या वह्या बाजूला पडत होत्या. आपली एकतीस वर्षं पाण्यात जाणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

"मीच," तो म्हणाला. "पण ही सवय बायकोनं लावली."

आता विषय निघालाच आहे तर सगळंच सांगून टाकावं, असं वाटून त्यानं बाईंना सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो टायफॉईडनं पडला, तेव्हा अकरा दिवस पट्टी तिनं वाचली होती. वर कळलं असतं तर नोकरी गेली असती. एका सकाळी धुक्यात आकडा दिसेना. कालचाच लिही, कोण बघतंय, असं तो अंथरुणातून म्हणाला होता. तिनं ऐकलं नाही. "नीट दिसलं नाही तर तसं लिहायचं. उद्या कुणी यावर विसंबलं म्हणजे?" तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

बाईंनी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या केंद्राची वही त्याच्यापुढे सरकवली. आकडे कसे मोत्यासारखे, एकही खाडाखोड नाही. तिथली पट्टी पुरात वाहून गेली होती त्या आठवड्याचेसुद्धा. मोजणीदाराला हसू आवरेना.

"यातलं खरं कुठलं तेच कळत नाही, काका," बाई म्हणाल्या. "तुमच्या वहीत कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. रुग्णालयाची जागा आम्ही हिच्यावरून ठरवणार आहोत."

हे ऐकायला बायको हवी होती, आणि तिचे आभार मानायचे आपल्याला कधी सुचलंच नाही, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

बाईंनी अहवालाचा तक्ता उघडला. त्या अकरा दिवसांसमोरचा, नोंद घेणाऱ्याच्या नावाचा रकाना दाखवला आणि पेन त्याच्या हातात दिलं.

त्यानं तिचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं. शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही.