गाद्यांची खोली

सगुणामावशीनं ट्रंकेचं झाकण उघडलं, परीक्षेचा धुतलेला युनिफॉर्म ठेवायला घड्यांच्या खाली हात घातला, आणि बोटांना काहीतरी खरबरीत लागलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. तिनं ते बाहेर ओढून सोडलं. आत कडक भाकरी. काही अख्ख्या, काही अर्ध्या, काहींचे नुसते तुकडे. स्वयंपाकघरातली शिवबाई रोज रात्रीच्या पंगतीत शेंगाचटणीबरोबर वाढायची, त्याच.

मावशी तशीच फरशीवर बसली. ट्रंक यमीमाची होती.

दुसऱ्या कुणाची असती तर मावशीनं कान पिळला असता नि विषय संपवला असता. बोर्डिंगातल्या पोरी खाऊ लपवतात, त्यात नवल ते काय! चिंचा सापडतात, गुळाचे खडे सापडतात, एकदा तर अख्खी लोणच्याची बरणी सापडली होती. पण भाकरी कोण लपवतं? आणि तीही कडक भाकरी, जी महिना महिना टिकते, जी या भागात माणूस लांबच्या वाटेला निघताना बांधून घेतो. एवढं मनात आलं मात्र, मावशीला सगळा उलगडा झाला. पोरगी पळून जायची तयारी करत होती.

यमीमा दहा वर्षांची. आईबाप मिशनरी, टांझानियातल्या एका खेड्यात. बाप चर्चची शाळा चालवायचा, आई तिथल्या दवाखान्यात नर्स. पोरगी जन्मली तिकडंच, वाढली तिकडंच. तिथं चौथीच्या पुढं शाळा नाही म्हणून गेल्या जूनमध्ये तिला इथं सोलापुरात आणून सोडलं. मिशनऱ्यांची आणखीही लेकरं बोर्डिंगात होती, कुणाचे आईबाप आसामात, कुणाचे ओडिशात. पण त्यांना निदान वाटायचं की आपण आपल्या देशात आहोत. यमीमासाठी सोलापूर हाच परदेश. पहिले काही आठवडे ती झोपेत तिकडच्या भाषेत बोलायची आणि मावशी अंथरुणाशी बसून नुसती थोपटत राहायची. काय म्हणते ते तिला कळायचं नाही.

आणि भिण्याचं कारण आणखी एक होतं. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी भिंतीवरून उडी टाकून गेली, ती कुर्डुवाडी स्टेशनवर सापडली. तेव्हा साहेबांनी, म्हणजे बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटनी, मावशीला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "पुन्हा असं घडलं तर मला दुसरी मेट्रन बघावी लागेल, सगुणाबाई." नवरा गेल्यापासून बोर्डिंगातली ही खोली हेच मावशीचं घर. मोहोळला भावजय होती. पण तिच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं, या कल्पनेनंच मावशीला घाम फुटायचा.

तिनं गाठोडं होतं तसं बांधलं, होतं तिथं ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही.

"बिरप्पा, फाटकाला दिवसाबी कुलूप लावत जा," ती वॉचमनला म्हणाली.

"का ओ मावशी? साहेब म्हणले का?"

"मी म्हणते की! लाव म्हणलं की लाव."

त्यानंतर मावशीच्या जिवाला थारा म्हणून राहिला नाही. पोरी शाळेत जाताना ती यमीमाचा हात धरून चालायची. जेवणाच्या पंगतीत लांबून नजर ठेवायची. पोरीचं ताट रोज स्वच्छ रिकामं असायचं, तरी फ्रॉक खांद्यावर ढिला झालेला. उंच होतेय, मावशी मनाशी म्हणायची. एकदा केस विंचरता विंचरता तिनं विचारून पाहिलं.

"यमे, मनात काय हाय गं तुझ्या? घरची आठवण येती?"

"नाही मावशी. मी ठीक आहे."

इतकं शहाण्यासारखं उत्तर! रडली असती, फणकारली असती, तर मावशीला बरं वाटलं असतं. त्या शहाणपणाचीच तिला जास्त धास्ती वाटली.

परीक्षा संपली त्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं. मोहोळ, अक्कलकोट, पार श्रीपूरकडून आईबाप आपापल्या लेकरांना सुट्टीला न्यायला येत होते. रिक्षा येत होत्या, फाटक उघडत होतं, बंद होत होतं. बिरप्पा कुलूप लावून लावून थकला. साहेब मीटिंगला पुण्याला गेलेले. मावशी वऱ्हांड्यात उभी राहून जाणाऱ्या प्रत्येक पोरीचा चेहरा बघत होती. चहाची घंटा झाली, राहिलेल्या पोरी जमल्या, आणि त्यांच्यात यमीमा नव्हती.

मावशी आधी ट्रंकेकडं धावली. झाकण उघडलं. गाठोडं जागच्या जागी.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस तिनं एकच भीती उराशी धरली होती, की पोरगी भाकरी घेऊन पळेल. भाकरी तर इथंच होत्या. मग पोरगी कुठं होती? आणि तिला शाळेमागची विहीर आठवली.

"बिरप्पा! अरे पळ! हिरीवर पळ!"

विहिरीला कठडा होता, पण एका बाजूनं ढासळलेला. बिरप्पा पायऱ्या उतरून पार पाण्यापर्यंत गेला. मावशी वर उभी. प्रार्थना करायला तिनं हात जोडले, पण आयुष्यभर तोंडात असलेला एकही शब्द आठवेना. नुसतं "बापा, बापा" एवढंच येत राहिलं. खाली हिरवं पाणी, त्यात एक फुटका प्लास्टिकचा चेंडू.

"न्हाय मावशी. हितं काय न्हाय," खालून बिरप्पा ओरडला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शिवबाई पदर खोचत आली. ती अक्कलकोटकडची, घाबरली की तोंडातून कानडीच आधी यायचं.

"अय्यय्यो, मावशी! गाद्यांच्या खोलीला आतनं कडी हाय. मी चादरी ठेवायला गेले तर दार उघडंना. मला वाटलं, फुगलंय."

गाद्यांची खोली म्हणजे अंगणाच्या टोकाला पत्र्याचं छप्पर असलेलं कोठार. जादा गाद्या, उशा, मोडक्या खाटा. एप्रिलात त्यात उभं राहवत नाही. मावशीनं दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. बिरप्पानं पहार घातली, एकदा, दोनदा, आणि कडी तुटली.

गाद्यांच्या दोन थप्प्यांच्या मधल्या सांदीत यमीमा पडली होती. गुडघे मुडपलेले, ओठ पांढरे पडलेले. गेली, मावशीला वाटलं. संपलं सगळं. तिनं पोरीला उराशी घेतलं तेव्हा लागलेला चटका अंगाचा होता की खोलीतल्या हवेचा, तेही तिला कळलं नाही.

वऱ्हांड्यात आणून शिवबाईनं तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. पोरीनं डोळे किलकिले केले. मावशीला तोवर रडूच येत नव्हतं, ते आता आलं.

पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली, पापणी खाली ओढून बघितली.

"ऊन तर आहेच. पण ही मुलगी कित्येक दिवस धड जेवलेली नाही, मावशी. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. खाल्लं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल."

"अवो, ताट चाटूनपुसून रिकामं असतंय की हिचं!" मावशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. टॉवेलातल्या भाकरी तिच्या डोळ्यांसमोर आल्या. त्या वाटेसाठी साठवलेल्या नव्हत्या. त्या न खाल्लेल्या होत्या.

डॉक्टर गेले. शिवबाई आमटी-भात कालवून ठेवून गेली. मावशीनं घास पुढं केला. यमीमानं तोंड फिरवलं.

"पाणी चालतं," ती म्हणाली. "जेवण नाही चालत. उपास आहे."

"कसला गं उपास? उपास मोठ्यांनी करायचा. बारा वर्षांखालच्यांना बंदी हाय, ठाऊक न्हाय तुला?"

"ठाऊक आहे. म्हणून तर कुणाला सांगितलं नाही. दुपारी शाळेत थोडं खाते, रात्री नाही. आज पूर्ण धरला होता."

"आणि कडी कशाला लावलीस? जीव गेला असता की!"

"बायबलमध्ये लिहिलंय ना, प्रार्थना दार लावून करायची? दुसऱ्या कुठल्याच खोलीला आतून कडी नाही. बाथरूमला आहे, पण बाहेरून मुली दार वाजवत राहतात."

खरं होतं ते. ओळीनं खाटा मांडलेल्या त्या हॉलमध्ये एका लेकराला स्वतःचं म्हणून दार नव्हतं. इतक्या वर्षांत मावशीच्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

"काय मागत होतीस एवढं?" तिनं हळूच विचारलं.

यमीमा बराच वेळ फ्रॉकची किनार बोटाला गुंडाळत राहिली.

"पप्पा-मम्मींनी परत यावं म्हणून. जूनमध्ये त्यांची या खेपेची तीन वर्षं संपतात. मी फोनवर विचारलं होतं. मम्मी म्हणाली, देवानं सांगितलं तर परत येऊ, नाहीतर आणखी तीन वर्षं."

"मग मला सांगायचंस की बाळा! मीबी मागितलं असतं."

पोरीनं मावशीकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"तुम्ही मागताच की रोज संध्याकाळी. यमीमाच्या आईवडिलांना तिकडंच राहायचं बळ दे, असं म्हणता. मग सगळ्या मुली आमेन म्हणतात. साहेबपण म्हणतात. मीपण म्हणते, नाही म्हटलं तर कळेल ना. तुम्ही एवढे सगळे एका बाजूला, आणि मी एकटी. नुसत्या प्रार्थनेनं कसं होणार, मावशी?"

मावशीनं हातातला घास ताटात परत ठेवला.

रोज संध्याकाळी ती हे नाव मुद्दाम मोठ्यानं घ्यायची. चार पोरींत आपलं नाव ऐकून लेकराला बरं वाटत असेल, अशी तिची समजूत. आणि लेकरू डोळे मिटून, मोजूनमापून, एकटं सगळ्यांच्या विरोधात उभं राहत होतं. मावशीला लाज वाटली, इतकी की वर बघवेना. आणि लाजेच्या मागोमाग पुन्हा तीच भीती. ही आजही जेवली नाही तर?

"यमे," ती अखेर म्हणाली, "तुजा उपास मला दे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी धरते. आजपासनं तुज्या बाजूनं. तू जेव, मी मागते."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ते न्हाय म्हणणार मी. कुणी काय बी बोलू दे."

यमीमानं विचार केला. खरोखरच केला, भुवया आक्रसून, भाव करणाऱ्या बाईसारखा.

"मोठ्यांचा उपास जास्त चालतो?"

"चालत आसंल की. पोट मोठं आसतंय."

पोरगी जरा हसली. मग तिनं तोंड उघडलं. पहिला घास तिच्या घशाखाली उतरेपर्यंत मावशीनं श्वास सोडला नाही.

"मम्मीला सांगू का गं हे?" शेवटचा भात निपटताना मावशीनं विचारलं.

"सांगून काय उपयोग? ती देवाला विचारते," यमीमा म्हणाली आणि तिथंच मावशीच्या मांडीवर झोपून गेली.

बोर्डिंगाचा नियम होता, आणि साहेबांनी तो मावशीला पहिल्याच दिवशी ऐकवला होता: बाहेर सेवेत असलेल्यांना घरच्या काळज्या कळवायच्या नाहीत, त्यांचं मन विचलित होतं. मावशीनं तो आजवर कधी मोडला नव्हता. उद्या साहेबांना कळणार, मग आपली पिशवी आणि भावजयीचं दार. तरी तिनं फोन लावला.

यमीमाची आई, रोहिणी, दवाखान्यातच होती. मावशीनं सगळं सांगितलं. भाकरी, कडी, पहार, सगळं. काहीही गाळलं नाही. पलीकडून आधी हुंदका आला. मग रोहिणी सावरून बोलू लागली.

"आम्ही दोघं प्रार्थना करतोय, मावशी. जूनचं अजून स्पष्ट होत नाहीये. इथं दवाखान्यात मी एकटी आहे हो. तुम्हीसुद्धा आमच्यासाठी प्रार्थना करा."

"करते की. उपासबी धरलाय आजपासनं," मावशी म्हणाली. "पोरीचाच पुढं चालवलाय, ताई. तुमी परत यावं म्हणून."

पलीकडं कुणीतरी रोहिणीला तिकडच्या भाषेत हाक मारली. तिनं ओ दिली नाही. आता ही चिडणार, साहेबांना फोन करणार, असं मावशीला वाटत राहिलं. तिनं फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"यमी जेवली?" रोहिणीनं विचारलं.

"जेवली. आमटी-भात खाल्ला. आता झोपलीय."

"आणि तुम्ही?"

"मी कशी जेवीन?"

"मग तुम्ही कधी जेवणार, मावशी?"

"ते तुमी सांगा, ताई," मावशी म्हणाली.