करेव्वाचं पोट

"पिशवी सोडा आता, आप्पा. मला अजून नळदुर्ग गाठायचंय."

पिवळ्या पिशवीचं एक टोक व्हॅनवाल्या बजरंगच्या हातात, दुसरं महांतप्पाच्या. उमरग्याच्या हायवेलगत, पशुसंशोधन केंद्राच्या फाटकात कचऱ्याची व्हॅन इंजिन चालू ठेवून उभी होती.

"हाय काय ह्यात येवढं? वजन तर कायच न्हाय."

"करेव्वा हाय."

"कोन करेव्वा?"

"आमची शेळी."

बजरंगनं पिशवी हलवून बघितली. "आप्पा, भरदिवसा घेतलीत का काय?"

"गळ्यात लिंग हाय माझ्या. कायबी बोलू नगंस." महांतप्पानं विचारलं, "हे जाळतेत नव्हं तिकडं?"

"मग? पिवळं सगळं भट्टीतच जातंय."

महांतप्पानं पिशवी ओढून छातीशी धरली.

*

शेळी मेली आणि पोट जगलं. हे कसं, ते आधी सांगायला हवं.

महांतप्पाची बायको शांतम्मा गेली, त्याच्या पुढच्या वर्षी तिची करेव्वा ट्रकखाली आली. काळी कुळकुळीत उस्मानाबादी शेळी, लोंबत्या कानांची. मागचे दोन्ही पाय गेले होते. केंद्रातल्या डॉ. राजेश्वरींनी इंजेक्शन देऊन तिला सोडवलं आणि जरा थांबून विचारलं, "आप्पा, आतड्याचा बोटभर तुकडा घेऊ का?"

महांतप्पा केंद्रातला शिपाई. मॅडमना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. शिवाय बोटभर तुकड्याचं ते काय, असंही त्याला वाटलं. बाकीची करेव्वा त्यानं शेतात, शांतम्माच्या शेजारी पुरली.

मॅडमनी त्या तुकड्यातल्या पेशी सुट्या केल्या आणि जेलीच्या थेंबात रुजवल्या. काही दिवसांनी थेंबात खसखशीएवढे गोळे दिसू लागले.

"हे करेव्वाचं आतडं," मॅडम म्हणाल्या. "इवलंसं, पण काम तेच. रस शोषतं, पाणी सोडतं. शेळ्यांना हगवण का लागते, ते आता जिवंत जनावराला न छळता बघता येईल."

महांतप्पानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"तोंड कुठंय?"

"तोंड नाही त्याला."

"मग खातंय कशानं?"

"चहूबाजूंनी."

हे मात्र महांतप्पाला लगेच पटलं. करेव्वा होतीच तशी.

गोळ्यांवरचं गुलाबी पाणी दिवसाआड बदलावं लागे. मॅडमनी ते काम हळूहळू त्याला शिकवलं. त्या पाण्याला मॅडम मीडिया म्हणत. तो म्हणे, चारापाणी करून येतो.

*

येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. शांतम्मा होती तेव्हाची. शेतात कडब्याची कोप. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. शांतम्मा वाढण्यात गुंतलेली आणि करेव्वाचं तोंड मडक्यात. "साकु गं, साकु, बास की, किती पितीस," म्हणत शांतम्मा शिंगं धरून ओढतेय, आणि ती सोडतेय कशाला. घटकाभरात पोट नगाऱ्यासारखं. शांतम्मानं ताट बाजूला सारलं, तेल पाजलं, डावी कूस चोळत बसली. पंगती उठल्या. पोरी झोके खेळून दमल्या. उन्हं कलली तेव्हा करेव्वानं एक लांबलचक ढेकर दिला, आणि शांतम्मा हसली. पदर तोंडाशी न नेता हसली. तशी ती पुन्हा…

*

एकदा मॅडमनी गोळ्यांवर औषधाचा थेंब सोडला आणि थोड्या वेळानं हाक मारली.

"या, बघा. फुगले. आतल्या बाजूला पाणी सोडलं त्यांनी. हगवणीत असंच होतं."

महांतप्पानं वाकून पाहिलं. ताणलेली, गोल, चकचकीत कूस. त्याचा हात काचेकडे गेला. चोळायला.

मॅडमनी तो अलगद बाजूला केला.

*

यंदा गोळे बिघडले. दिसायला धड, पण औषधाला फुगेनात. गोठवून ठेवलेल्या कुप्या काढून पाहिल्या, त्यातलंही काही उठलं नाही.

"फार पिढ्या झाल्या, आप्पा. हे आता करेव्वासारखं वागत नाही," आज सकाळी मॅडम म्हणाल्या. "बंद करू. तुम्ही करता, का मी करू?"

"म्याच करतो."

गोळे आत ठेवून वाफेच्या भांड्याचं झाकण त्यानंच आवळलं. गार झाल्यावर तो चिमूटभर गोळा कापसात गुंडाळला आणि रोजच्या हातानं पिवळ्या पिशवीत टाकला. फाटकापर्यंत आला तोही रोजच्यासारखाच. बजरंगनं पिशवी ओढली, तेव्हा हात सुटेना.

*

हॉर्न ऐकून मॅडम बाहेर आल्या.

"काय झालं?"

"आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत, मॅडम. माती देतेत."

"आप्पा, करेव्वाला तुम्ही शेतात पुरलंत ना?"

"अर्धी."

मॅडम फाटकापर्यंत पुढे आल्या.

"शांताच्या हातचं खाल्लेलं येवढंच जित्तं उरलं हुतं," महांतप्पा पिशवीकडे बघत म्हणाला. "माझ्याच हातानं बंद केलं, त्याचं कायबी न्हाय. जुनं झालं की बंद करायचंच. पर भट्टीत नगं."

"मॅडम, नियमात बसतंय का हे?" बजरंगनं खिडकीतून विचारलं.

"मागचा कचरा पुरायचा खोल खड्डा बुजवलाय का?" मॅडमनी महांतप्पाला विचारलं.

"न्हाय. व्हॅन सुरू झाल्यापास्नं झाकून ठिवलाय."

"यात जिवंत काही उरलेलं नाही. कुणाला अपाय नाही," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग बजरंगकडे वळल्या. "आज एक पिशवी कमी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

बजरंगनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरला नाही, पण नळदुर्गाचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही.

झाकण सरकवून महांतप्पा खड्ड्यात उतरला. तळाशी ओंजळभर जागा उकरली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, असं तो सांगायला गेला, पण ह्याला बसवायचं कसं, ते त्यालाच कळेना. त्यानं कापूस नुसता टेकवून ठेवला.

"काही म्हणायचं असतं का?" वरून मॅडमनी विचारलं.

"मंतर जंगम स्वामी म्हनत्यात. आपन नुसती माती लोटायची."

मॅडम काठावर बसल्या. हातमोजे काढले, मूठभर माती घेतली आणि खाली सोडली.

त्या मातीतला एक खडा कापसावर पडला. महांतप्पानं तो उचलून बाजूला ठेवला.