घंटीची कॉइल

गुरुवार म्हणजे गौतमीच्या धंद्याचा दिवस. रांजणगावच्या बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी, त्यामुळे शिरूरच्या एसटी स्टँडमागच्या तिच्या टॅटूच्या दुकानात सकाळपासून माणसं यायची. आणि नेमका तोच वार भिमाजी आबांनीही धरला होता.

आबा म्हणजे तिच्या वडिलांचे चुलते. वय पंचाहत्तर, सगळी हयात दौंडला पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेलेली. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून दौंडहून न्हावऱ्यामार्गे येणारी एसटी पकडून ते दहाला दुकानात हजर. सोफ्यावर मांडी घालायची, आणि गिऱ्हाईक टेकलं रे टेकलं की मशीनचा इतिहास सुरू.

तो खोटा असता तर गौतमीला त्यांना गप्प तरी करता आलं असतं. आधी बायका सुया दोऱ्यानं बांधून काजळात बुडवायच्या आणि हातानं टोचायच्या. मग तिकडं अमेरिकेत कुणीतरी कागदाला भोकं पाडून नकला काढायचं विजेचं पेन काढलं. दुसऱ्यानं त्यात शाई भरून ते माणसाच्या कातड्यावर फिरवलं. पुढं कुणी दारावरच्या घंटीची कॉइल त्याला बसवली. एवढं आबांनी नातवाच्या मोबाइलवर बघितलेलं. पण त्यातलं काडीचंही ठाऊक नसताना त्यांनी स्वतः पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घंटीची कॉइल, पत्र्याची स्प्रिंग आणि टॉर्चचे सेल जोडून तसलंच मशीन बनवलं होतं आणि जत्रेतल्या गोंदणाऱ्यांना दिलं होतं. नंतर टेपरेकॉर्डरच्या मोटारीवरची मशीनं आली. आता गौतमीच्या हातातल्या बिनवायरच्या मशीनलाही पेनच म्हणतात. इथवर आले की आबा टाळीसाठी हात पुढं करायचे.

टाळी द्यायला गिऱ्हाईक उरलं तर ना. मागच्या महिन्यात सत्यजीत नावाचा एक ऑपरेटर दंडावर त्रिशूळ काढायला बसला होता. एकाच सुईनं जत्रेत साठ-साठ माणसं गोंदायची, हे आबांनी त्याला रंगवून सांगितलं. सत्यजीतला एकदम आठवलं की आपली गाडी नो पार्किंगमध्ये आहे. तो गेला तो गेलाच. गौतमीनं आबांना सोमवारी या म्हणून सांगून पाहिलं, तर ते सोमवारीही यायला लागले. आता सुया सीलबंद असतात हे तरी लोकांना सांगा म्हटलं, तर ते इमानदारीत सांगायचे, आणि लगेच पूर्वी कशा नसायच्या त्यावर घसरायचे.

तशाच एका गुरुवारी चाळिशीची एक बाई आली. नाव सुलक्षणा, रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला, माहेर दौंडकडचं. तिनं बाही वर केली. मनगटाच्या वर हिरवट, फिसकटलेली अक्षरं होती: नकुशी. शेवटच्या अक्षरावर मोठा डाग. चौथी मुलगी म्हणून घरात ठेवलेलं नाव. शाळेत मास्तरांनी बदललं, पण हातावरचं कोण बदलणार? कँटीनमध्ये बाह्या वर कराव्या लागतात. नवीन सुपरवायझरनं ते वाचलं आणि चारचौघांत त्याच नावानं हाक मारली. तिला ते झाकायचं होतं.

आबा सोफ्यावरून उठून जवळ आले. चष्मा लावून डाग बघितला, कुठल्या जत्रेत गोंदलं ते विचारलं. तिनं गाव सांगितलं, घंटीसारखं वाजणारं मशीन होतं म्हणाली. पुढं काय होणार ते गौतमीला दिसत होतं.

"ते मशीन माझं," आबा म्हणाले. "स्प्रिंग ढिली व्हायची त्याची. सुई एका जागीच नाचायची, म्हणून हा डाग. म्हंजी असं बघा, कॉइल गरम झाली की—"

"आबा, बास," गौतमी दातओठ खात म्हणाली.

सुलक्षणा मात्र त्यांच्याकडं शांतपणे बघत होती. "मशीनचं काय घिऊन बसलाय, बाबा? स्प्रिंग चांगली असती तर नाव चांगलं उठलं असतं, येवढंच की. नाव तर त्येच व्हतं."

आबा पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले. इतके गुरुवार गौतमीनं ज्या शांततेसाठी तळमळून काढले ती पुढचे दोन तास मिळाली, तर तिचंच लक्ष सारखं सोफ्याकडं जायला लागलं. जुन्या अक्षरांवर तिनं गडद पानांचा पट्टा काढला. सुलक्षणानं हात उजेडात धरला, उलटसुलट फिरवून बघितला, आणि बाही खाली न करता निघून गेली.

गौतमी सुई काढून डब्यात टाकत होती, तेव्हा आबा बोलले. "मी तिथंच बसलो व्हतो गं, गोंदणाऱ्याच्या शेजारी. मशीन नवं व्हतं ना. कॉइल किती तापतीय ते बघत व्हतो. पोरगी रडली का न्हाई, काय सुदीक आठवत न्हाई."

आबांची समजूत काढावी असं तिला वाटलं. पण सकाळपासूनचा राग अजून उतरला नव्हता, आणि खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. दौंडच्या गाडीची वेळ झाली, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आबा येणार नाहीत असं तिनं धरूनच चाललेलं. दहाला ते सोफ्यावर होते. समोर रुद्र नावाचा तरुण छातीवर भाग्यश्री लिहून घ्यायला शर्ट काढून बसलेला. आबांनी सुया, काजळ, विजेचं पेन सगळं सांगितलं आणि घंटीपाशी येऊन थांबले. गौतमीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"ही भाग्यश्री," आबांनी विचारलं, "तिला ठावं हाय का तू तिचं नाव गोंदतोयस?"

रुद्र विचारात पडला. मग शर्ट घालत म्हणाला, आधी तिला विचारून येतो. गौतमीनं मशीन बंद केलं आणि आबांकडं पाहिलं. ते दाराकडं तोंड करून पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते.