उर्सुलाचा मधला सूर

माझी उर्सुला लंडनला, व्हिएन्नाला, जपानला स्टेजवर पुढे एकटी उभी राहून वाजवते आणि मागे बसलेला सगळा ताफा तिला साथ देतो. जपानच्या पेपरात तिचा फोटो आला, तो मी काचेत घालून ओटीवर लावलाय. पण आमच्या निर्मळ गावात विचारा, लोक म्हणतील, "आल्बिनाची पोरगी ना? ती व्हायोलिनसारखं काहीतरी वाजवते."

सारखं काहीतरी! तो व्हायोला आहे. दिसायला व्हायोलिनच, पण अंगानं थोराड आणि आवाजानं जाड.

चर्चमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कॉयर सांभाळणारे प्लासिड मास्तर पोरांना व्हायोलिन शिकवायचे. उर्सुलाचे हात लांब, म्हणून तिला त्यांनी व्हायोला दिला. म्हणाले, "वरचा सूर व्हायोलिनवाले धरतात, खालचा ऑर्गन. मधे रिकामं राहतं, ते हिनं भरायचं."

मी म्हटलं, "मास्तर, माझी पोर काय कुडाला लिंपायची माती आहे?"

"ऐकून तर बघा, आल्बिनाबाय."

ऐकलं. काही कळलं नाही. शेजारच्या मटिल्डाचा क्लेमेंट व्हायोलिन वाजवायचा. ती मला भर चर्चच्या दारात म्हणाली, "तुझी उर्सुला नुसता हात हलवते काय गं?"

पुढे मास्तरांनीच तिला मुंबईला एका पारशी बाईंकडे धाडलं. तिथून शिष्यवृत्तीवर जर्मनी. मग स्वित्झर्लंडात मोठ्या चढाओढीत पहिली आली. तिकडे एकट्यानं व्हायोला वाजवणारे थोडे. आता मोठमोठे लोक खास तिच्यासाठी नवीन संगीत लिहितात. क्लेमेंट कुवेतला गेला, व्हायोलिन कपाटावर आहे. मी काही बोलत नाही.

चौऱ्याऐंशी साली चर्चच्या सणाला उर्सुला घरी आली. मी आधीच ठरवलं होतं: सगळ्या गावासमोर, मिस्साच्या प्रार्थनेत, कम्युनियनचा प्रसाद घेऊन सगळे गप्प बसतात तेव्हा, ती एकटी वाजवणार. फादरांना सांगून ठेवलं. मटिल्डालाही सांगितलं, "पुढच्या बाकावर बस, माझ्या शेजारी."

सणाच्या आदल्या संध्याकाळी प्लासिड मास्तर आले. हात थरथरतात, पण कॉयर अजून तेच सांभाळतात. उर्सुलानं विचारलं, "मास्तर, मधली ओळ आता कोण वाजवतं?"

"कोण वाजवणार? तू गेलीस, मग कोणी आलंच नाही."

"मग उद्या मी बसते."

मी चुलीपासून वळले. "आणि एकटीनं वाजवायचं ते?"

"आय, एकटीनं मी वर्षभर वाजवते. इथे मला सगळ्यांत बसू दे."

"मग तुला ऐकणार कोण? मटिल्डाला काय दाखवू, हलणारा हात?"

"तो पण नाही दिसायचा. कॉयर मागे माळ्यावर असतो ना," असं म्हणून पोरगी हसली. मास्तरही हसले. मी दोघांना भाकऱ्या वाढल्या आणि तोंड बंद ठेवलं. माझ्या घरात ते सहसा घडत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. मटिल्डा नवं लाल लुगडं नेसून शेजारी बसली. गाणं सुरू झालं. गोड चाललं होतं, पण सण म्हटल्यावर गाणं गोड लागतंच. मटिल्डा माझ्या कानाशी आली. "वाजवतेय ना तुझी?"

मी वेदीकडे बघत राहिले.

अर्पणाच्या गीतात दोन कडवी झाली आणि गाणं अचानक पातळ झालं. सारातलं नारळाचं दूध कोणी काढून घ्यावं, तसं. व्हायोलिनं वर वाजत होती, ऑर्गन खाली घुमत होता, पण गाणारे चाचरले. पुढच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवून माळ्याकडे बघितलं. मला कळलं, उर्सुला थांबली. दमट हवेनं खुंटी सरकली, तार उतरली, असं नंतर तिनं सांगितलं.

मग ती परत आली. हळूच, कोणाला न ढकलता. आणि सगळ्या आवाजांत मला तिचा आवाज ऐकू आला, आपल्या माणसाची चाल अंधारात ओळखावी तसा. मिस्सा संपेपर्यंत मी तो सोडला नाही. कम्युनियननंतर कोणीच वाजवलं नाही. फादरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून नको म्हटलं.

बाहेर आल्यावर मटिल्डा म्हणाली, "मधेच काय झालं गं? एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं."

"उर्सुला थांबली होती."

"म्हणजे बाकी सगळा वेळ ते तिचं होतं?"

"मग काय तुझ्या क्लेमेंटचं?"

मटिल्डाला राग यायला हवा होता. पण ती मागे वळून माळ्याच्या जिन्याकडे बघत उभी राहिली. उर्सुला मास्तरांचा हात धरून एकेक पायरी खाली उतरत होती.

त्या दुपारी जेवायला फादरही होते. पहिलं ताट नेहमी फादरांचं, पण त्या दिवशी ते मी प्लासिड मास्तरांना वाढलं. फादर बघत राहिले. बघू देत.