पाठमोरीचं उत्तर

माझ्या मामाने अख्खा सिनेमा काढला आणि शेवट काही ठरवला नाही. ऐका आता!

सिनेमा मराठी, प्रेमाचा आणि गमतीचा. एक मुलगी, किल्ल्या बनवायच्या दुकानाची मालकीण. तिच्या मागे दोघं: एक मिशीवाला दातांचा डॉक्टर, दुसरा कुरळ्या केसांचा, लोकांना गाडी शिकवणारा. तिच्या दुकानात जायला निमित्त हवं म्हणून दोघंही आपापल्या कुलपांत मुद्दाम किल्ल्या मोडतात. एकदा तर डॉक्टर स्वतःच दवाखान्याबाहेर अडकतो आणि आत पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला. हसून हसून पोट दुखतं, खोटं कशाला बोलू.

मुलीचं काम करणारी नटी देखणी, पण मराठीचा गंध नाही. तिचा आवाज म्हणजे मी. काचेच्या बंद खोलीत उभं राहायचं, पडद्यावरच्या ओठांकडे डोळे लावायचे आणि ते हलले की बोलायचं, हे माझं काम. माझ्या वाट्याला काय आलं सांगू? थोडे ‘अय्या’, भरपूर खुदूखुदू हसणं, एक किंचाळी आणि ‘किल्ली उद्या मिळेल’. सिनेमाभर दोघं तिच्यापायी एकमेकांच्या उरावर बसतात, पण बाई गं, तुला काय हवंय, हे विचारायला एकालाही फुरसत नाही. आधी मला तिचाच राग यायचा. मग बाकी सगळ्यांचा यायला लागला.

शेवटच्या प्रसंगात दोघं दुकानासमोर उभे राहतात आणि म्हणतात, ‘आता सांगूनच टाक, कोण?’ इथेच घोडं पेंड खात होतं. दोघंही नावाजलेले नट, आणि पडद्यावरसुद्धा हरायला कोणी तयार नाही. मामाने दोघांनाही गुपचूप शब्द देऊन ठेवला होता, ‘मुलगी तुझीच.’ मग शूटिंगच्या दिवशी याची तंतरली, आणि याने काय करावं? मुलीला पाठमोरी उभी केली! ओठच दिसत नाहीत म्हटल्यावर नाव डबिंगमध्ये भरता येईल. असलं भिजत घोंगडं सिनेमावाल्यांनाच सुचतं.

शेवटी सगळं येऊन पडलं माझ्या गळ्यात. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न बघणारा मिशीवाला एकदम ‘ताई, ताई’ करायला लागला. कुरळ्याने घरी फुलं पाठवली, इतकी की आईने घाबरून विचारलं, ‘कोण गेलं?’ दोघांचं म्हणणं एकच, तेवढं माझं नाव घ्या.

घर म्हणजे मामाचंच घर, त्यातली मागची खोली. मी लहान असताना आई मला कडेवर घेऊन भावाकडे आली ती आलीच. त्यामुळे तिचं पालुपद ठरलेलं: ‘मामाला दुखवू नकोस. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.’ टाळ्या वाजवून वाजवून माझे हात दुखायला लागले होते.

त्या दिवशी मामा आईलाही स्टुडिओत घेऊन आला. माझं डोकं फिरलंच तर आवरायला कोणीतरी हवं ना! आई माझ्याच खोलीत दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. सोफ्याच्या एका टोकाला मिशीवाला, दुसऱ्या टोकाला कुरळ्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. पडद्यावर मुलीची पाठ, समोर ते दोघं. ‘सांगूनच टाक, कोण?’

मी म्हणाले, “कोणीच नाही.”

“हे काय?” मामा उठलाच.

“उत्तर.”

“अगं, नाव घ्यायचंय!”

“कोणाचं? तुझं तरी ठरलंय का?” मामाने एकदा मिशीवाल्याकडे पाहिलं, एकदा कुरळ्याकडे. “हे बघ मामा, हिला दोघंही नकोत. मी दुसरं काही बोलणार नाही. हवं तर दुसरा आवाज आण आणि सगळा सिनेमा पहिल्यापासून भर.”

आता कुरुक्षेत्र होणार असं मला वाटलं. पण मिशीवाला घसा खाकरून म्हणाला, “माझी काही हरकत नाही. याला मिळण्यापेक्षा कोणालाच न मिळालेली बरी.”

“मीही तेच म्हणणार होतो,” कुरळ्या म्हणाला. “याच्या गळ्यात पडण्यापेक्षा बिनलग्नाची राहू दे बिचारी.”

सुंठीवाचून खोकला गेला! मामाचा चेहरा असा खुलला, जणू हे त्यालाच सुचलं होतं.

“मस्त! फक्त असं तोडून नको म्हणूस,” तो मला म्हणाला. “जरा हळू. लाजून. ‘नाही’ म्हणता म्हणता किंचित हस. लोकांनी घरी जाताना म्हणायला हवं, तोंडाने नाही म्हणते, पण मनात आहे हो!”

“मनात मी आहे, हे कळलं पाहिजे,” मिशीवाला म्हणाला.

“तू? आरशात बघ जरा,” कुरळ्या म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “नाहीला लाज कसली? नाही म्हणजे नाही! तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे अख्ख्या सिनेमात, त्याचाही तुम्ही खुळखुळा करणार?”

“ताई, तू तरी सांग हिला,” मामा आईकडे वळला.

आता पोळी आणि टाळी येणार, म्हणून मी दात आवळले. आईने पिशवी खाली ठेवली.

“लाजून म्हणू नकोस,” ती मला म्हणाली.

“अगं ताई, सिनेमा आहे हा.”

“कळतंय मला. मी म्हटलं होतं ना लाजून. हिच्या बापाचं स्थळ आलं तेव्हा. मोठी माणसं बसली होती, मान वर करायची सोय नव्हती, म्हणून हळूच म्हटलं, नाही. तुम्ही सगळे हसलात. ‘लाजली, लाजली’ म्हणून पहिल्यांदा ओरडलास तो तूच.”

बापाने तिचे काय हाल केले ते मला माहीत होतं. ती नाही म्हणाली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रडू येत होतं आणि कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

सोफ्यावरचे दोघं आपापल्या बुटांकडे बघत बसले. रेकॉर्डिस्टने स्पीकरवरून हळूच विचारलं, “घ्यायचं का?”

“घ्या,” आईच म्हणाली. “आणि तू मोठ्याने बोल गं.”

पुन्हा ती पाठ. पुन्हा ते दोघं. ‘सांगूनच टाक, कोण?’

“कोणीच नाही!” मी पोटातून ओरडले. “ऐकू येतंय का? नाही म्हणतेय मी!”

रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन ओढून काढले. “आवाज फाटलाय. अजून एकदा?”

मामा आईकडे न बघताच म्हणाला, “नको. राहू दे तसंच. ऐकू तर आलं.”

“ऐकू तेव्हाही आलं होतं,” आई म्हणाली.