रक्तपिशाच्चाची कवळी

मी एक जुनी कवळी आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्या आजोबांची असते तशी मी जेवायची कवळी नाही, मी घाबरवायची कवळी आहे. मला दोन लांबलचक सुळे आहेत. मला दातांवर चढवून एक माणूस पडद्यावर रक्तपिशाच्च होत असे.

माझा जन्म दातांच्या दवाखान्यामागच्या लहानशा खोलीत झाला. तिथला कारागीर म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या घडवत असे. एके दिवशी एक दणकट माणूस त्याच्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, "लाथ बसली तरी पडणार नाहीत असे सुळे हवेत."

कारागिराने हातातली कानस खाली ठेवली. "लाथ कोण मारणार तुम्हाला?"

"रोज कोणी ना कोणी मारतंच. तेच तर काम आहे माझं!"

त्या काळी एक गमतीदार तऱ्हेचे चित्रपट निघत. ते अर्धे भुतांचे आणि अर्धे कुंग फूच्या मारामारीचे असत. इतर भुतांच्या चित्रपटांत माणसे किंचाळत पळत सुटतात. या चित्रपटांत मात्र शवपेटीचे झाकण उडाले, की नायक कंबर कसून उभा राहायचा आणि भुताशी चक्क दोन हात करायचा. भूतही काही कच्च्या गुरूचा चेला नसायचे. काळा झगा फडकवत तेही गिरक्या घेऊन लाथा हाणायचे. आमच्या माणसाच्या उड्या अशा, की सगळे त्याला झेपमास्तर म्हणत. पण बाजारातून आणलेले त्याचे आधीचे सुळे पहिल्याच लाथेला उडाले होते आणि थेट कॅमेरावाल्याच्या चहात जाऊन पडले होते. म्हणून कारागिराने मऊ लगद्यात त्याच्या दातांचे माप घेतले आणि त्याच्या खऱ्या दातांवर टोपीसारखी चपखल बसेल अशी मला घडवली.

मग काय विचारता! मास्तर भिंतीवर आपटला, जिन्यावरून गडगडला, पण मी जागची हलले नाही. दिग्दर्शक माझे कौतुक करताना थकत नसे. रक्त म्हणून मला साखरेचा लाल पाक फासायचे, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत मला मुंग्या लागायच्या. पण तेवढे चालायचेच.

या सगळ्या कौतुकात एक घोटाळा झाला. मास्तर हौसेने आपल्या लहान लेकीला चित्रपट दाखवायला घेऊन गेला. बाबा पेटीतून उठला, त्याने ओठ मागे ओढले आणि मी चकाकले. पोर खुर्चीखाली शिरली ती बाहेर येईना. त्या दिवसापासून बाबा घरी आला, की ती दारामागे लपायची. त्याने भरवलेला घाससुद्धा घेईना. भल्याभल्यांना लोळवणारा माणूस, पण या गोष्टीने पार खचला.

"सोडून देतो हे काम," तो बायकोला म्हणाला. "माझीच पोर मला भिते."

"काम सोडून भीती थोडीच जाणार आहे? तिला दाखवा काय ते," बायको म्हणाली.

तेव्हा तो मला घेऊन लेकीपुढे जमिनीवर बसला. "हे बघ, सिनेमात काय करतात? भुतापुढून पळतात का? नाही. पाय रोवायचे, श्वास सोडायचा आणि त्याचे दात उपटायचे." एवढे बोलून त्याने मला दातांवर चढवले. पोर रडायला लागली. पण रडत रडतच तिने पाय रोवले, हात पुढे केला आणि मला खेचले. मी निघाले, आणि समोर उरला तो तिचा नेहमीचा बाबा. ती त्याच्या गळ्यात पडली. मित्रांनो, मला पडद्यावर पुष्कळ टाळ्या मिळाल्या, पण त्या मुठीत मला जे सुख मिळाले, ते कधीच नाही. पुढे रोज संध्याकाळी तिला तो खेळ हवाच असे.

दिवस पालटले. ज्या ठिकाणी लोक किंचाळायचे, तिथे ते हसू लागले. तसले चित्रपट बंद पडले. मास्तर मुलांना मारामारीचे डाव शिकवू लागला आणि मी पत्र्याच्या डबीत पडून राहिले. वाईट वाटायचे, का नाही वाटणार? मग मास्तर म्हातारा झाला. त्याचे दात एकेक करून गेले. ज्यांच्यावर मी बसायचे, तेच उरले नाहीत.

लेकीने त्याला नवी कवळी करून आणली. माझ्या डबीशेजारीच पाण्याच्या पेल्यात ती बुडून असायची. मास्तर तिला हात लावेना. "आयुष्यभर खोट्या दातांनी लोकांना घाबरवलं, आता खोट्या दातांनी फसवू?" असे म्हणायचा. त्यातच एका सकाळी तो नातीला उठवायला गेला आणि तोंडभर हसला. ते बोळके पाहून नात किंचाळली. तेव्हा सुळे होते म्हणून लेक घाबरली आणि आता दात नाहीत म्हणून नात! तेव्हापासून मास्तर आपल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. हसणे तर दूरच, बोलणेही त्याने टाकले. ताटातले अर्धे अन्न तसेच परत जायचे. डबीत मला सगळे ऐकू यायचे आणि मी काहीच करू शकत नव्हते.

एका दुपारी डबी उघडली. लेकीने मला धुतले, पुसले आणि नातीला घेऊन ती वडिलांच्या खोलीत गेली. तिथे तिने मला आपल्याच दातांवर चढवले. मी तिच्या मापाची कुठली? डुगडुगत होते. नात आजोबांच्या खाटेमागे पळाली.

"पळायचं नाही," भिंतीकडून आवाज आला. कितीतरी दिवसांनी मास्तर बोलला होता. तो वळला. "पाय रोव. श्वास सोड. हं, आता उपट!"

नातीने मला खस्सकन ओढले आणि आईचा चेहरा पाहून ती खुदकन हसली. मग तिने आजोबांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिले. धावत जाऊन तिने पेला आणला, पाणी सांडत त्यातली कवळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घाल."

"आणि नाही घातली तर?" मास्तरने विचारले.

तिने थोडा विचार केला. "तरी तू आजोबाच. पण घाल, आपण जेवायला बसू."

मास्तरने कवळी घातली. त्याचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी ताट रिकामे झाले. आता रोज झोपण्याआधी आजोबांची कवळी नातच काढते आणि पेल्यात ठेवते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे मी सांगणार होते. पण माझे राहू द्या, मला डबी आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस भिंतीकडे तोंड करून जेवत असेल, तर दारातून मागे फिरू नका. पाय रोवा, श्वास सोडा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. ते तुमचेच आजोबा असतात.